शिकवलेला जावई

दवनीवाड्याच्या शाळेच्या ओसरीत मी शिरले ती पावसाला शिव्या देतच. माघाचा महिना, लोकांच्या खळ्यावर धान उघडं पडलेलं, आणि हा मेला अवकाळी पाऊस! मामीनं चक्कीवर पाठवलं होतं. पिठाचा डबा पदराखाली धरून मी खांबाला टेकले, तर आतून एका पुरुषाचा आवाज आला.

"कर्ज काढून कॉलेजात जायचं नाही. सावकाराचं तर नाहीच. पण त्याहून वाईट कर्ज असते ते बिनकागदाचं. कोणी गोड बोलून म्हणते, शिक बाबू, मी आहे ना... त्याच्यापासून पळा."

मी खिडकीतून डोकावले. गावची शाळा सातवीपर्यंतच होती. गोंदियाला मॅट्रिकच्या वर्गात जाणारी गावातली आणि आसपासची पोरं रविवारी इथं जमत, हे मामी बोलली होती. जमिनीवर सात-आठ पोरं, एक पोरगी, आणि फळ्याशी उभा असलेला शाळेचा हेडमास्तर. पंचविशीचा असेल. भुवईवर खडूची पांढरी रेघ लागलेली, आणि त्याला तिचा पत्ता नव्हता.

मी स्वतः मागल्या उन्हाळ्यात मॅट्रिक झाले होते. बाबूजी म्हणाले होते, "झालं ना शिकून? आता बस." तेव्हापासून माझ्या पोटात जो जाळ पेटला होता, तो कोणावर तरी ओतायचाच होता.

"गुरुजी," मी दारातूनच म्हटलं, "बोलणं सोपं आहे. कर्ज नाही, उपकार नाही... मग ज्याच्या घरी पैसा नाही त्यानं फी काय आभाळातून आणायची?"

सगळी डोकी वळली. हेडमास्तर दचकला, मग म्हणाला, "आत या जी. भिजून राहिल्या तुमी."

"मी भिजेन नाहीतर वाळेन. तुमी उत्तर द्या."

पोरं खुसखुसली. त्यानं मात्र खरंच उत्तर दिलं. पुढं बसलेल्या कवडू नावाच्या पोराला विज्ञान शिकायचं होतं. त्याला नागपुरात एक खोली चौघांत घ्यायची होती, तांदूळ घरचा न्यायचा, पाळीपाळीनं रांधायचं, पुढं गेलेल्यांची पुस्तकं मागच्यांनी वापरायची. नंबर चांगला आला तर फी माफ. नाहीच आला, तर वर्षभर कुठं तरी नोकरी करून पैसा साठवायचा आणि मग जायचं. रुख्मा म्हणजे ती एकुलती पोरगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकता शिकता विद्यावेतन मिळत होतं.

"एक वर्ष उशीर झाल्यानं कोणी मरत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या देण्याखाली गेलेला माणूस मात्र..." आणि तिथंच थांबला.

"आणि ज्या पोरीच्या घरी पैसा आहे, पण बाप जाऊ देत नाही, तिनं काय करायचं?"

त्यानं नाक चोळलं. "याचं उत्तर आज नाही माझ्यापाशी. पुढल्या रविवारी या."

"मी कायले येऊ?"

"भांडायले. ही पोरं नुसती हो जी, हो जी करतात. कोणीतरी माझ्याशी भांडणारं पाहिजे ना!"

पाऊस थांबला होता. मी डबा उचलून तरातरा निघाले. घरी पोचल्यावर मामी म्हणाली, "पीठ सांडलं का वाटेत? हसून काऊन राहिली?"

मी हसत नव्हते. निदान मला तरी ठाऊक नव्हतं.

पुढल्या रविवारी मी गेले... भांडायलाच. त्यानं नाव विचारलं.

"शामकला. गोंदियाच्या चुन्नीलालजींची पोरगी."

त्याच्या हातातला खडू मोडला. मला नवल वाटलं नाही. बाबूजींची धानाची मिल होती, आणि त्यांचं नाव ऐकून माणसं जरा वाकतच.

"आणि तुमचं?"

"बिसराम," तो फळ्याकडे तोंड करून म्हणाला.

मामी बाळंतीण होती, त्यामुळे चैत्रापर्यंत माझा मुक्काम तिथंच ठरला. दर रविवारी मी रुख्माला इंग्रजी शिकवायची आणि मधूनमधून बिसरामशी भांडायची. तो म्हणे, पोरींनी आधी नोकरी धरावी. मी म्हणे, काऊन, पोरांनीच काऊन आधी कॉलेज धरावं? तो चिडायचा नाही. मी बोलत असताना मान तिरकी करून ऐकायचा, आणि मी जिंकले की त्याच्या डाव्या गालावर बारीकशी खळी पडायची. मग मला जिंकायची सवयच लागली.

एका रविवारी कवडू आलाच नाही. बिसराम म्हणाला, "चला, त्याच्या घरी जाऊ." कवडूचा बाप बकाराम ठेक्यानं धानाची शेती करायचा. आम्हाला पाहून त्यानं खाट टाकली आणि हर्षानं सांगून टाकलं. गोंदियाच्या एका व्यापाऱ्यानं पोराचा सगळा खर्च उचलायचं कबूल केलं होतं. कॉलेज झालं की कवडूनं त्याच्याच गादीवर बसायचं, तो म्हणेल तितकी वर्षं.

"फुकटात पोरगं साहेब होऊन राहिलं गुरुजी! आता कायले खोल्या न् कायले रांधणं?"

आणि बिसराम फुटला. त्या शांत माणसाचा आवाज आंगणाबाहेर गेला.

"फुकटात? काका, तुमी पोरगं विकून राहिले! त्याले विचारलं का? सोळा वर्षांच्या पोराले काय समजते? तो आज हो म्हणेल, कारण समोर मोठी माणसं बसली आहेत. आणि मग जन्मभर जिथं जाईल तिथं त्याले वाटेल की हे माझं नाही... हे पुस्तक माझं नाही, ही नोकरी माझी नाही, मी पण माझा नाही!"

कवडू दारामागून पुढं आला आणि बापाजवळ जाऊन म्हणाला, "बा, मी खोलीतच राहीन. रांधता येते मले."

माणसं एकमेकांचे डोळे पाहून प्रेमात पडतात म्हणे. मी बिसरामचा राग पाहून पडले. माझ्यासारखं रागावणारं दुसरं कोणी मी तोवर पाहिलंच नव्हतं.

परतीची वाट मोहाच्या झाडांखालून होती. खाली फुलांचा सडा आणि तो गोड, जड वास... बिसराम अजून धुसफुसतच होता.

"एवढं रागावता येते तुमाले?" मी म्हटलं.

"तुमच्यापासूनच शिकलो."

"मग गुरुदक्षिणा?"

तो थांबला. माझ्या केसांत मोहाचं एक फूल पडलं होतं. त्यानं हात पुढं केला... आणि मागं घेतला.

"काढा ना," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही.

त्यानं ते फूल दोन बोटांनी अलगद काढलं, टाकलं मात्र नाही. "शामकला, तुमाले एक सांगायचं आहे."

"सांगा."

त्यानं फुलाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "...पुढल्या रविवारी सांगतो."

पुढला रविवार आलाच नाही. गुरुवारी बाबूजींची बैलगाडी दारात उभी राहिली. घरी पाहुणे यायचे होते, आणि ते मला पाहायला येणार होते.

गोंदियाला पोचेपर्यंत मी काय काय ठरवलं! पळून जाईन, विहिरीत पाय सोडून बसेन, पाहुण्यांसमोर मुकी होईन. माय म्हणजे सुमित्राबाई, ती बोलणारी बाई नव्हे. तिनं मला हिरवं लुगडं नेसवलं आणि एवढंच म्हणाली, "पोरगा बरा आहे, बाई. तुझ्या बाबूजीनंच शिकवला त्याले."

दुपारचं ऊन बैठकीत आलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले, मान वर केली... आणि समोर, पांढऱ्या धुवट सदऱ्यात, बिसराम!

क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. वाटलं, मला मागायला आला. मग बाबूजी त्याच्यासोबतच्या पाहुण्यांना सांगत होते ते कानांत शिरलं.

"याचा बाप माझा दोस्त होता. तो मरायच्या आधी त्याले जबान दिली, पोराले शिकवतो आणि जावई करतो. नागपूरचं सगळं कॉलेज माझ्या पैशानं झालं, पूछो इसको! मॅट्रिक झाला तेव्हाच ठरलं होतं हे. मास्तरकीचं खूळ घेतलं डोक्यात, पण जाऊ द्या, लग्न झालं की मिलवर बसेल."

मी बिसरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"तुमाले माहीत होतं?"

"शामकला, आत जा," बाबूजी म्हणाले.

"तुमाले माहीत होतं मी कोण आहे?"

"तुमी नाव सांगितलं तेव्हापासून," बिसराम हळू म्हणाला.

"मग रविवारी रविवारी जे बोलले... ते भांडण... ते मोहाचं फूल... तो हप्ता होता का? माझ्याशी गोड बोलून माझ्या बापाचं देणं फेडून राहिले होते?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "नाही. सांगायचंच होतं. पण सांगितलं असतं तर तुमी माझ्याशी भांडल्या नसत्या. बाजारातून आणलेल्या बैलाकडे पाहतात तसं पाहिलं असतं. मले वाटलं, थोडे दिवस तरी..."

"तुमाले वाटलं! बाबूजीले वाटलं! मले काय वाटते ते कोणाच्याच मनात आलं नाही!" मी ट्रे आपटला. कप कलंडले, चहा बाबूजींच्या धोतरावर गेला. "मी व्याज नाही, बाबूजी! तुमी मुद्दल दिलं, तर त्याच्यापासून मुद्दल घ्या. मले त्यात मोजू नका!"

बाबूजी उठले. त्यांचा हात वर गेला होता. आणि दारातून मायचा आवाज आला... चढलेला नव्हता, पण थरथरतही नव्हता.

"पोरगी खरं बोलून राहिली."

बाबूजींचा हात तसाच राहिला. तेवढ्यात बिसरामही उठला.

"काका, हे लग्न असं होणार नाही. मले ती नको म्हणून नव्हे." त्यानं मान वर केली. "ती देण्यात आली, म्हणून. तुमचा पैसा मी परत करीन."

"मी पैसा मागितला का रे? कधी एका शब्दानं मागितला?"

"नाही मागितला, काका. म्हणून तर फिटत नाही."

तो माझ्याकडे न पाहता पायऱ्या उतरून गेला. बाबूजींवरच्या रागासाठी माझ्यापाशी शब्द होते, त्याच्यावरच्या रागासाठी नव्हते. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं आणि हिरव्या लुगड्यानं डोळे पुसले.

त्यानंतर मी एकच गोष्ट लावून धरली... शिकणार. फी माफ होणं शक्य नव्हतं. मिलवाल्याच्या पोरीला कोण गरीब म्हणणार? आणि बाबूजींच्या पैशानं शिकायचं, तर उद्या त्यांनी म्हणायचं, शिकवली मी, आता मी म्हणेन तिथं बस. राहिली रुख्माची वाट... नॉर्मल स्कूल, विद्यावेतन, मग नोकरी, आणि नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देत बी.ए.पर्यंत.

"माझी पोरगी मास्तरीण?" बाबूजी गरजले. "लोक थुंकतील माझ्यावर!"

दुसऱ्या दिवशी मायनं चूल पेटवली नाही. मुनीम, हमाल, बाबूजी, सगळे उपाशी. सांजेपर्यंत बाबूजींनी आरडाओरडा करून पाहिला, मग चिवडा आणवून पाहिला. माय चुलीपुढं पाय पसरून बसली होती, जणू जन्माची रजा मिळाल्यासारखी.

"जाऊ दे तिले!" शेवटी बाबूजी ओरडले. "पण माझ्याजवळ एक पैसा मागायचा नाही!"

"नाही मागणार," मी म्हटलं. तेवढंच तर हवं होतं मला.

रुख्मा आणि मी एकाच खोलीत राहून शिकलो. मला रांधणं धड येत नव्हतं, भात रोज बुडाला लागायचा. रुख्मा म्हणायची, "शेठची पोरगी ना तू, करपलेलंच खा!" पुढं तिला तिच्या गावाजवळची शाळा मिळाली आणि मला दरेकसा. डोंगर, रान, लहानसं स्टेशन आणि लाकूडतोड्यांची पोरं. पहिला पगार हाती आला तेव्हा मी स्टेशनच्या बाकावर बसून एकटीच खूप हसले.

बिसरामचा एक शब्द नाही. ना निरोप, ना चिठ्ठी. सुट्टीत घरी गेले की माय सांगायची, "पगार झाला की येते तो, तुझ्या बाबूजीले पैसे द्यायले. पहिल्यांदा तर त्याईनं नोटा आंगणात फेकल्या. पोरानं वेचल्या, झटकल्या, पुन्हा पुढं ठेवल्या. आता फेकत नाहीत. शिव्या देतात, आणि मग चहा मागवतात. येणार असला की फाटकाशी उभे राहून रस्ता पाहतात, बाई! विचारलं तर म्हणतात, गाडीची वाट पाहून राहिलो."

"आणि... माझं काही विचारते?"

"नाव नाही काढत."

मी ताटावरून उठले. नाव काढत नाही! मी इथं रानात अस्वलांच्या शेजारी पुस्तकं वाचून इंटर पास झाले, आणि तो नाव काढत नाही!

साठ सालचा श्रावण होता. नारळी पुनवेच्या सुट्टीसाठी मी गोंदियाला निघाले होते. दरेकसाच्या फलाटावर बारीक पाऊस, डोंगरावर ढग उतरलेले. गाडी आली. मी डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवला, आणि फलाटाच्या दुसऱ्या कडेला गोंदियाहून आलेल्या गाडीतून बिसराम उतरला. जरा वाळलेला, कानाशी एक केस पांढरा. मला पाहून जागीच थबकला.

शिटी झाली. मी पाय खाली घेतला. गाडी गेली.

"तुमची गाडी..." तो म्हणाला.

"गेली! तुमच्यामुळं गेली! आता कायले आले?"

"मी फिटलो, शामकला. काल शेवटचे दिले."

"मग हे मले सांगायले आले? पावती पाहिजे का? इतकी वर्षं एक शब्द नाही! मेली का जिवंत आहे, विचारलं नाही!"

"रुख्माले विचारत होतो ना. दर महिन्याले." त्यानं नाक चोळलं. "तुमाले ताप आला होता मागल्या पावसाळ्यात. इंटरले इतिहासात सगळ्यात जास्त मार्क पडले. मुख्याध्यापकाशी भांडून तुमी शाळेच्या गळक्या छपरावर नवी कवेलू टाकून घेतली. कवडू आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले आहे, त्याले पण तुमीच पुस्तकं पाठवता. सगळं माहीत आहे मले."

"आणि मले काहीच माहीत नाही! हा कोणता न्याय?"

"देणं डोक्यावर घेऊन तुमच्यापुढं उभं राहायचं नव्हतं."

"देणं बाबूजींचं होतं! माझं काय लागत होतं तुमच्याकडं? मी एकटीनं रागावून रागावून किती थकले, ठाऊक आहे?" आणि इतक्या वर्षांचा राग डोळ्यांतून भसाभस वाहू लागला. मी पदर शोधत होते, तर त्यानं आपला रुमाल पुढं केला. तोही पावसानं ओलाच होता.

"शामकला," तो म्हणाला, "आता माझ्याजवळ पगाराशिवाय काही नाही. त्या पगारावर मात्र कोणाचा हक्क नाही, आणि माझ्यावरही नाही. असा रिकामा माणूस... चालेल का तुले?"

मला 'तू' म्हणाला होता! फलाटावर स्टेशनमास्तर हिरवी झेंडी गुंडाळत उगाच आमच्याकडे पाहत होता. मी ओल्या रुमालानं नाक पुसलं.

"बी.ए. होईपर्यंत नोकरी सोडणार नाही."

"कोण म्हणते सोड?"

"बदली पाहिजे तर तू घे."

"अर्ज देऊनच आलो."

"आणि रोज भांडीन."

त्याच्या डाव्या गालावर खळी पडली. "त्याच्याशिवाय दिवस जात नाहीत मले."

दुपारच्या गाडीनं आम्ही गोंदियाला आलो. बाबूजी मिलच्या आंगणात हमालांवर ओरडत होते, "अरे धानाचा बोरा संभालो, भिजून राहिला!" आम्हा दोघांना एकत्र पाहून त्यांचं ओरडणं अर्ध्यावरच राहिलं. माय ओसरीत येऊन उभी राहिली.

"काका," बिसराम म्हणाला, "मले शामकलाशी लग्न करायचं आहे. ती हो म्हणते."

बाबूजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिशीवर पावसाचे थेंब होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"आता तू माझं काही देणं लागत नाही," ते सावकाश म्हणाले. "आता मी तुले नाही म्हणू शकतो."

"म्हणा जी," बिसराम म्हणाला. "तुमाले तो हक्क आहे."

मी मुठी आवळून उभी होते, तोंडात भांडण तयार ठेवून. बाबूजींचा जबडा हलला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मायकडे, आणि मग ते अचानक हमालांवरच डाफरले, "तमाशा पाहून राहिले का रे? खुर्च्या आणा! दोन नाही, चार आणा!"

खुर्च्या आल्या. माय कधी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली नव्हती. बाबूजींनीच एक खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती पदर सावरत अवघडून टोकावर बसली. मग बिसराम बसला. आणि बाबूजी, माझ्याकडे न पाहता, खाकरून म्हणाले, "परीक्षा कधी आहे तुझी? लग्नाची तारीख तिच्या नंतरचीच काढतो. नाहीतर पुन्हा माझ्या धोतरावर चहा सांडशील."